छपरावरून मारलेली हाक

नानशी, राज्यारोहणाचे पहिले वर्ष, तिसरा महिना

चिरंजीव रुई यास,

हे पत्र तुझ्या थोरल्या भावाचे, फान कुनचे आहे. हस्ताक्षर ओळखू आले नाही, तर एवढेच आठव: तळ्यावरचे हंस अंगावर धावून आले की तू माझ्या पाठकुळी बसायचास आणि वरून त्यांना शिव्या घालायचास. हे आपल्या दोघांखेरीज कोणाला माहीत नाही.

पत्र नांगराचे फाळ विकणाऱ्या शेनबरोबर पाठवत आहे. उत्तरेचे लोखंड इकडे येते आणि इकडचे मोती उत्तरेला जातात, तेवढीच वाट आता उघडी आहे. बाकीच्या वाटा बंद केल्या त्या मीच. जुने घराणे बुडाल्याची बातमी इथे पोचली, तेव्हा आमचे सुभेदार अंथरुणाला खिळले होते. त्यांनी सैन्याची मुद्रा माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कुन, उत्तरेत कोण कुणाचा गळा कापतंय ते कळायला मार्ग नाही. खिंडी लावून घे. पोरांना परत नेऊन मारू नकोस." मी खिंडी लावून घेतल्या. पोरांनी इथल्या मुलींशी लग्ने केली, चिखलात भात लावायला शिकली, सुपारी चघळून दात काळे केले. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आणि इथल्या टोळ्यांच्या नायकांनी मिळून मला राजा केले. मी आधी नाही म्हणालो होतो असे लिहिले तर तू हसशील, म्हणून लिहीत नाही.

बाबा कसे आहेत? आईचे गुडघे?

राजाने राजवाड्याच्या आधी पितरांचे मंदिर बांधावे, ही आपली रीत. पाया घातला आहे. पितरांना नैवेद्य दाखवण्याचा मान थोरल्या मुलाचा, म्हणून मागतो: बाबा असतील तर त्यांना आणि आईला घेऊन ये, खिंडीवर पालखी उभी ठेवतो. नसतील, तर त्यांचा आणि आजोबांचा नामपट, ती पूजेतली नाव कोरलेली पाटी, शेनजवळ दे. इथला एक म्हातारा नायक आहे, बांग लो. अंगभर गोंदलेला आणि तोंडाचा फटकळ. पाया पाहायला आला आणि म्हणाला, "मेलेल्यांना एवढं मोठं घर? जिवंत अजून झोपडीत झोपतायत."

"ज्यांच्यामुळं आपण आहोत, त्यांचा मान आधी."

"मग येऊ देत तुमच्या आजोबांना. बघू तरी, कुणावर गेलात."

त्याला मी शब्द दिला आहे. लवकर कर.

कुन


पिंगचू, सम्राटांच्या राज्याचे पाचवे वर्ष, सातवा महिना

दादांच्या चरणी धाकट्याचा दंडवत.

पत्र पोचले. रेशीमकिड्यांच्या खोलीत दार लावून वाचले. किडे तुतीचा पाला खाऊ लागले की त्या आवाजात माणसाचे रडणे बाहेर ऐकू जात नाही. नंतर पहिल्या कामटीवरची तारीख चाकूने खरवडून काढली. दादा, तुमच्या राज्यारोहणाचे वर्ष लिहिलेली बांबूची एक कामटी जरी या घरात सापडली, तरी इथे कोणाची मान जागेवर राहणार नाही.

बाबा गेले. लढाया सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, तापाने. त्याच हिवाळ्यात तुमच्या सैन्यातून पळालेले दोन शिपाई गावात आले. आईने त्यांना बाजरीची पेज वाढली आणि तुमचे नाव घेतले. ते म्हणाले, खिंडीपलीकडे गेलेल्यांतला एकही माणूस उरलेला नाही.

आईने विचारले, "प्रेत कुणी पाहिलं?"

"काकू, प्रेतं पाहायलाच कुणी उरलं नाही."

तिने चुलीतली लाकडे मागे ओढली. मग मला म्हणाली, "प्रेत नाही म्हणून काय पोराला रानोमाळ भटकू द्यायचं? चढ छपरावर."

वीस वर्षांचे झालात तेव्हा टोपी घालण्याच्या सोहळ्याला आईने शिवलेला निळा अंगरखा तिने पेटीतून काढून दिला. मी पूर्वेच्या वळचणीने चढलो. आढ्यावर उभा राहून अंगरख्याचा गळा डाव्या हातात धरला, कंबर उजव्या हातात, आणि उत्तरेला, मेलेल्यांच्या दिशेला, तोंड करून तीनदा हाक मारली: "फान कुन, परत ये!" तिसऱ्या हाकेसरशी तो खाली सोडला. आई टोपली घेऊन उभी होती. तिने तो झेलला, जोखला आणि म्हणाली, "आला. बघ, जड झालाय."

तो अंगरखा आम्ही बाबांच्या डाव्या हाताला पुरला. दर वसंतात आई तिथे बाजरीची दारू ओतून येते आणि गावातल्या बातम्या सांगून येते.

दादा, तुम्ही मेलात हे चुकून झाले; पण झाले ते रीतसर झाले. मेलेल्याला पितरांना नैवेद्य दाखवता येत नाही, तो स्वतःच नैवेद्याचा धनी होतो. नामपट आता माझ्याकडे आहेत आणि ते घराबाहेर जाऊ शकत नाहीत.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सेनापतीने स्वतःला राजा म्हणवून घेतले. त्याचे पितृकुळ, मातृकुळ आणि पत्नीचे कुळ, तिन्ही बाजारात उभी करून कापली. दूध पिणारी मुलेसुद्धा. तुमचे थडगे हेच आज आमच्या डोक्यावरचे छप्पर आहे.

आईला यातले काही सांगितलेले नाही. कृपा करून पुन्हा लिहू नका.

रुई


नानशी, दहावा महिना

रुई,

वर्ष घातलेले नाही. तुझ्या चाकूला तेवढेच काम कमी.

बाबांचे कळले. बाप गेल्याचे कित्येक वर्षांनी कळलेल्या मुलाने सुतक कधीपासून धरावे, हे मी इथल्या सगळ्या जाणत्यांना विचारले. आणि त्या मुलाचे स्वतःचेच सुतक आधी फिटलेले असेल तर काय करावे, हे कोणाला विचारू?

मी मेलेलो नाही. परवा मासा खाताना घशात काटा अडकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. मेलेल्याच्या घशात काटे अडकत नाहीत. तुम्ही घाई केलीत. दोन भगोड्यांच्या बोलण्यावर विसंबून तू छपरावर चढलास! थोडे थांबता आले नसते?

मंदिर उभे राहिले. कोनाडे रिकामे आहेत. बांग लो आला, सगळीकडे डोकावला आणि म्हणाला, "पाहुणे कुठं अडकले, महाराज?"

"वाट लांबची आहे."

"मेलेल्यांनासुद्धा?"

का कोण जाणे, मी त्याला खरे ते सांगून टाकले. तो इतका हसला की सुपारीची लाल पिंक छातीवरच्या गोंदणावर ओघळली. "म्हणजे आम्ही मेलेल्या माणसाला राजा केलं? मग कर कुणाच्या थडग्यावर आणून ठेवायचा?" मी हसलो नाही, तेव्हा त्याने छातीवरची पिंक पुसली. मग म्हणाला, "आई आहे ना तुमची? मग काळजी कशाची? आमच्याकडं आईनं नाव घेऊन एक शिवी हासडली, की माणूस जिवंत."

रुई, नामपट राहू देत. मंदिर रिकामे राहिले तरी चालेल. माझे एवढेच मागणे आहे: थडगे उघड, अंगरखा बाहेर काढ, दक्षिणेला तोंड करून पुन्हा हाक मार आणि तो शेनबरोबर पाठवून दे. आणि आईला सांग. तिने फक्त एकदा म्हणावे, कुन जिवंत आहे. ते तिच्या शब्दांत मला लिहून कळव. त्यानंतर मी कधी लिहिणार नाही.

कुन


पिंगचू, सहावे वर्ष, चौथा महिना

दादांच्या चरणी दंडवत.

शेन आजारी पडल्याने तुमचे पत्र उशिरा पोचले. तुमची आज्ञा होती, म्हणून आईला सांगितले. ती अंगणात सुकलेली बोरे निवडत होती. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

मी म्हणालो, "आई, दादा आहे."

"आहे ना. तुझ्या बाबांच्या डाव्या हाताला."

"तिथं नाही. दक्षिणेत आहे. राजा झालाय."

तिने एक किडके बोर कोंबड्यांकडे फेकले. "कोण सांगतं?"

मी तिला तुमची दोन्ही पत्रे वाचून दाखवली. हंसांची गोष्ट ऐकून ती थबकली. मग म्हणाली, "चतुर आहे कुणीतरी. हे त्याला कुठून कळलं?"

"अगं, त्याचंच पत्र आहे हे!"

"हे बघ रुई, माझ्या पोराला हाक मारली आणि तो आला. या हातांत त्याचं वजन आलं. नऊ महिने वाहिलेलं वजन आई विसरत नाही. त्या दक्षिणेच्या राजाला आई हवी असेल, तर म्हणावं दुसरीकडं शोध. माझा मुलगा घरी आहे."

दादा, रागावू नका. ती खोटे बोलत नाही. तुम्ही रोज तिच्याजवळ आहात. तिच्याकडून तुम्हाला हिरावून घ्यायला मी गेलो, असे तिला वाटले. त्या दिवसापासून ती रोज थडग्यावर जाऊन बसू लागली, राखण करावी तशी.

आणि पुढच्याच महिन्यात जिल्ह्याचा अधिकारी आला. नानशीच्या राजाचे आडनाव फान असल्याचे राजधानीला कळले आहे. त्याने आईला विचारले, "म्हातारे, तुझा थोरला कुठं असतो?"

"चला, दाखवते," आई म्हणाली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

एवढ्यावर दुसरा कोणी परतला असता. हा माणूस दुष्ट नाही, पण काटेकोर आहे. म्हणाला, "अंगरखा पुरला म्हणजे माणूस पुरला, असं होत नाही." त्याने थडगे उघडवले. निळा रंग विटला आहे, कापड शाबूत आहे. सम्राटांचा दूत तो अंगरखा घेऊन नानशीला निघाला आहे. भर दरबारात तो तुमच्यापुढे उलगडला जाईल. जाताना अधिकाऱ्याने मला समजावून सांगितले: "राजानं ओळखला, तर तुम्ही राजाचं कुळ. नाही ओळखला, तर तुम्ही शेतकरी."

गाडी निघाली तेव्हा आई काठी टाकून मागे धावली. "अहो, झाका तरी त्याला! वारं लागेल!" शिपाई हसले. वेशीबाहेर ती रस्त्यातच बसली. मी पाठीवर घेऊन घरी आणली.

तुम्ही मागितलेला अंगरखा येतो आहे, दादा. दूताचा लवाजमा सावकाश चालतो, शेन आधी पोचेल. माझ्या बायकोला दिवस गेले आहेत. आपल्या बहिणी त्यांच्या घरी सुखी आहेत, मामा अजून नांगर धरतो. यापेक्षा अधिक काही मी लिहीत नाही.

रुई


नानशी, अकरावा महिना

रुई,

दूत येऊन पोचला. गेल्या पंधरवड्यात दरबार भरला.

त्याने सम्राटांच्या भेटी मांडल्या आणि शेवटी एक वेताची टोपली पुढे केली. दोन सेवकांनी अंगरखा बाह्यांना धरून उलगडला. ओल्या मातीचा वास आला. इथल्या मातीचा नव्हे, आपल्या पिवळ्या मातीचा. गळ्यापाशी उजव्या बाजूला दुहेरी टीप आहे, कारण सोहळ्याच्या आदल्या दिवशी मी तो घालून झाडावर चढलो होतो आणि आई रात्र होण्याआधी फाटके शिवत माझ्या नावाने बडबडत बसली होती.

दूत म्हणाला, "महाराजांनी हे वस्त्र पूर्वी पाहिलं आहे का?"

मी म्हणालो, "उत्तरेत कापडाचा एवढा दुष्काळ पडलाय का? भेट म्हणून जुने कपडे?"

दरबार हसला. दूत हसला नाही. "पिंगचूच्या फान घराण्यातल्या थोरल्या मुलाचं आहे. महाराजांचं आडनावही फान आहे."

"फान नावाची माणसं नदीतल्या गोट्यांएवढी आहेत."

"मग महाराजांचे वडील कोण?"

पितरांचा असा प्रश्न भर दरबारात आल्यावर काय होते, ते तुला सांगायला नको. माझे सगळे जुने शिपाई खाली पाहू लागले. तो अंगरखा मी घरीच ठेवून आलो होतो, त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. पण माझे गाव त्यांना माहीत आहे, बाबांचे नाव माहीत आहे. एकानेही तोंड उघडले नाही.

मी म्हणालो, "मला वडील नाहीत. आई नाही. भाऊ नाही. या घराण्याला माझ्या आधी कुणी नाही."

लेखनिकाने ते तसेच उतरवून घेतले. आता नानशीच्या राजघराण्याचा पहिला पुरुष मी, आणि माझ्यामागे कोरी कामटी.

दूत फार हुशार आहे. अंगरखा घडी करताना सहज म्हणाला, "तर मग हा कुणाच्याच कामाचा नाही. इथंच टाकून जातो."

रुई, मी तो मागितला होता. हात लांब केला असता तर पोचला असता एवढ्यावर तो होता. इथे राहिला असता तर कोणाला न कळता मंदिरातल्या कोनाड्यात ठेवला असता, निदान एक कोनाडा भरला असता. पण तू लिहिले होतेस की आई गाडीमागे धावली.

मी म्हणालो, "कुणाच्या तरी थडग्यातून काढून आणलाय. असला अपशकुन माझ्या राज्यात नको. जिथून आणला तिथं नेऊन पोचवा. आणि झाकून न्या."

शेवटचे तीन शब्द बोलायला नको होते. दूताने माझ्याकडे पाहिले. मग त्याने टोपलीचे झाकण लावून ती आपल्या माणसांबरोबर परत पाठवली. पुढचे वर्षभर तो इथेच राहणार आहे.

दरबार उठल्यावर बांग लो मागे थांबला. मला वाटले, आता काहीतरी खवचट बोलणार. तो म्हणाला, "शिवण चांगली होती," आणि निघून गेला.

अंगरखा तिला मिळाला का, तेवढे कळव.

कुन


पिंगचू, सातवे वर्ष, सातवा महिना

दादांच्या चरणी दंडवत.

अंगरखा परत आला. मेणकापडात गुंडाळलेला होता. अधिकाऱ्याने निकाल वाचला की पिंगचूचे फान हे शेतकरी आहेत आणि त्यांचा नानशीशी काही संबंध नाही. गावाने आमच्याशी पुन्हा बोलणे सुरू केले. माझ्या घरी मुलगी झाली आहे.

आईविषयी लिहायचे आहे, ते मी दोनदा खरवडले.

गाडी आली तेव्हा तिने अंगरखा दोन्ही हातांवर घेतला. बराच वेळ जोखत राहिली. मग म्हणाली, "हलका झालाय."

मी म्हटले, "वाळलाय, आई. मातीतला ओलावा गेला."

"मला शिकवू नकोस. रिकामा आलाय हा. कुन तिकडंच राहिला." ती दक्षिणेला वळली आणि इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारी बाहेर आले: "कुन! अरे गाढवा! जिवंत आहेस आणि आईला ओळख देत नाहीस?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, दादा. आईच्या तोंडावर हात ठेवला. सुदैवाने अधिकारी वेशीपलीकडे गेला होता, आणि म्हातारी भ्रमिष्ट झाली असे शेजाऱ्यांना वाटले. त्यानंतर ती थडग्याकडे फिरकली नाही. अंगरखा पुन्हा पुरू दिला नाही. दुपारी दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात बसायची, वाटेवर फेरीवाला दिसला की विचारायची, तिकडं हिवाळ्यात थंडी किती असते. कोणीतरी सांगितले, तिकडे थंडी नसतेच. "मग बरं," ती म्हणाली.

पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. रीतीप्रमाणे मी छपरावर चढून हाक मारली. तिच्या अंगावर तुमचा अंगरखा घातला. तिनेच तसे बजावून ठेवले होते.

आता जे लिहितो त्यासाठी मला क्षमा करा. आईचे तीन वर्षांचे सुतक पाळू नका. दूत अजून तुमच्या नगरात आहे. तुमच्या अंगावर तागाचे जाडेभरडे वस्त्र दिसले, तर तो पहिला प्रश्न विचारील: कोण गेले? तुमचे कोणी नाही. ते तुम्हीच लिहून दिले आहे.

रुई


नानशी, अकरावा महिना

रुई,

पत्र नव्या तांदळाच्या सणादिवशी पोचले. शेनने फाळांच्या मोळीतून काढून दिले, ते मी आत जाऊन वाचले आणि परत येऊन बसलो. अंगावर लाल वस्त्र होते. उजव्या हाताला दूत बसला होता. ढोल वाजत होते, मुली नाचत होत्या. त्याने प्याला पुढे केला, मी प्यालो. दुसऱ्यांदा केला, पुन्हा प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकले, की माझे पोट बिघडले आहे. मांस नको, दारू नको, फक्त तांदळाची पातळ पेज. पाठ धरली आहे म्हणून पलंग काढून घ्यायला लावला, जमिनीवर चटई टाकली. ढोलांनी डोके दुखते, ते बंद केले. लाल वस्त्र मात्र रोज घालतो. वैद्य नाडी धरून म्हणतो, "महाराज, पोटात तर काहीच दोष नाही." दूताने आले पाठवले, उकळून घ्या म्हणून. तो चांगला माणूस असावा.

असे दिवस चालले असता काल दुपारी बांग लो आला. जेवायची वेळ होती. त्याच्यासाठी डुकराचे मांस आणि तळलेले मासे मांडले. त्याने माझ्या वाडग्याकडे पाहिले, चटईकडे पाहिले. मग आपले ताट बाजूला सारले आणि वाढप्याला म्हणाला, "मला पण पेजच दे."

मी विचारले, "का?"

"पोट बिघडलंय."

"तुमचंही?"

"साथ आहे, महाराज. पसरतेय."

तो माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. एक घोट घेतला आणि त्याचे तोंड वाकडे झाले. "काय बेचव आहे हो! किती दिवस चालतं हे दुखणं?"

"आमच्याकडं तीन वर्षं."

"तीन वर्षं!" त्याने वाडग्यात डोकावून पाहिले. दारात पहारेकरी उभे होते, म्हणून आवाज खाली आणला. "मीठ तरी चालतं का?"

"सुरुवातीला नाही."

त्याने वाडगा तोंडाला लावून संपवला, पालथ्या मुठीने ओठ पुसले आणि वाढप्यापुढे धरला.

"वाढ रे," तो म्हणाला, "महाराजांनाही वाढ."

कुन